गोळीचा गुण येईना, मॅडम!

‘एकदा गोळी सुरू झाली की सुटत नाही म्हणतात. खरं आहे का हो?’

नैराश्याच्या गोळीबद्दलचा हा प्रश्न माझ्या खोलीत इतक्या तोंडांनी विचारला गेलाय, की नवीन माणूस खिशातून घडी घातलेली चिठ्ठी काढू लागला की पुढचं वाक्य मला आधीच ऐकू येतं. कुणाला सवय लागण्याची भीती असते. कुणी म्हणतं, या गोळ्या फार उष्ण पडतात. कुणाच्या मुलीचं लग्न जमायचं असतं आणि औषधाचा दुकानदार नात्यातलाच असतो. जास्त शिकलेले लोक ‘माझी पर्सनॅलिटी बदलेल का?’ असं विचारतात, पण भीती तीच. चिठ्ठी लिहिलेली असते मनोविकारतज्ज्ञांनी. शंका मात्र माझ्यापर्यंत येतात, कारण तिथे बाहेर रांग असते आणि माझ्याकडे पाऊण तास असतो.

मी बोलण्यातून उपचार करणारी मानसोपचारक. औषध लिहून देत नाही, तो माझा अधिकार नाही. पण औषधाबद्दल माणूस काय विचार करतो, हे माझ्याच कामात येतं. गोळी घशाखाली उतरण्याआधी तिला त्या विचारांच्या गर्दीतून वाट काढावी लागते आणि बऱ्याचदा ती तिथेच अडकते. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (२०१५-१६) आपल्याकडे दर वीस माणसांमागे एकाला नैराश्य असल्याचं दिसलं आणि त्यातल्या बहुसंख्यांपर्यंत उपचार पोचलेलेच नव्हते. डॉक्टर कमी आहेत, हे त्याचं एक कारण. पण चिठ्ठी मिळूनही पाकीट न फोडणारी माणसं मी रोज बघते.

माधवराव त्यातलेच. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, लिहायला त्यांची हरकत नाही. वय ४८, मिरजेजवळच्या एका पतसंस्थेत रोखपाल. पहिल्या भेटीत सुनंदावहिनीच बोलत होत्या. ‘हे पहाटे साडेतीनला उठून बसतात. जेवण निम्म्यावर आलंय. कुणाचा फोन उचलत नाहीत.’ माधवराव भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. बोलले ते एवढंच, ‘एकच बंडल तीन-तीनदा मोजतो, मॅडम. तरी विश्वास बसत नाही.’

वहिनींना बाहेर बसवून मी त्यांना सरळ विचारलं, जीव नकोसा होतो का? ते म्हणाले, मुद्दाम काही करणार नाही, पण समोरून ट्रक आला तर बाजूला व्हावंसं वाटत नाही. त्यांच्याच सोबत हे वहिनींना सांगितलं आणि त्याच आठवड्यात तज्ज्ञांची वेळ घेतली. हा प्रश्न विचारल्यानं कुणाच्या डोक्यात नवा विचार घुसत नाही. उलट, कुणीतरी विचारलं म्हणून माणूस सैल होतो, असाच माझा अनुभव आहे.

तज्ज्ञांनी थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ तपासून घेतलं. कधी उलटं, म्हणजे झोप न घेताही प्रचंड उत्साहात असल्याचे दिवस होते का, हेही विचारलं. हा प्रश्न महत्त्वाचा असतो. द्विध्रुवीय आजार असेल तर नुसती नैराश्याची गोळी माणसाला दुसऱ्या टोकाला फेकू शकते. माधवरावांचं तसं काही नव्हतं. एस्सिटालोप्राम या नैराश्याच्या गोळीची चिठ्ठी मिळाली. पंधरा दिवसांनी ते माझ्याकडे आले तेव्हा पाकीट जसंच्या तसं होतं.

‘का नाही घेतली?’

‘आई झोपेची गोळी घ्यायची. बारा वर्षं. एक दिवस नाही मिळाली तर घर डोक्यावर घ्यायची. मला ते नकोय.’

नैराश्याच्या गोळीची भीती पुष्कळदा दुसऱ्याच गोळीमुळे बसलेली असते, ती अशी. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम ही झोपेची, घबराट शमवणारी औषधं अर्ध्या तासात काम करतात. ती दीर्घकाळ घेतली तर शरीर खरोखरच त्यांच्या अधीन होऊ शकतं आणि तीच झोप यायला डोस वाढत जाऊ शकतो. नैराश्याची औषधं वेगळ्या जातीची. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन यांनी कुणाला नशा चढत नाही, संध्याकाळी तलफ येत नाही. गोंधळ वाढायचं आणखी एक कारण म्हणजे आपल्याकडे सुरुवातीच्या काही दिवसांसाठी दोन्ही एकाच चिठ्ठीवर लिहून देण्याची रीत आहे. डॉक्टरांना विचारून घ्यावं, यातली कुठली काही आठवड्यांची आणि कुठली काही महिन्यांची? नाहीतर पुष्कळ लोक नेमकी उलटी गोळी चालू ठेवतात, झोपेची मागून घेतात आणि नैराश्याची बंद करतात.

हे ऐकून माधवराव म्हणाले, ‘समजलं. पण तरी...’ हा ‘पण तरी’ मला फार आवडतो. खरं ते त्याच्या पुढे असतं.

‘वडील तालमीतले होते. अंगात ताप असला तरी जोर मारायचे. मनाचं दुखणं मनानंच बरं करायला पाहिजे, मॅडम. गोळी खाऊन उभं राहायचं, ते काय उभं राहणं झालं?’

मी विवेकनिष्ठ मानसोपचाराच्या, म्हणजे त्रास देणाऱ्या हट्टी समजुती तपासून बदलायच्या परंपरेत शिकले. अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास ती मांडली आणि मराठीत ती इतकी रुजली, की बऱ्याच जणांना ती इथलीच वाटते. तिथे शिकलेली एक गोष्ट मला कायम उपयोगी पडली. माणसाच्या बोलण्यात ‘पाहिजेच’, ‘च’, ‘कधीच नाही’ हे कुठे येतंय तिकडे कान ठेवायचा.

‘माधवराव, हाच आजार वहिनींना झाला असता आणि त्यांनी गोळी घेतली असती तर?’

‘घेऊ द्या की. मीच आणून दिली असती.’

‘त्यांना हरली म्हणाला असता?’

‘छे, छे!’

‘मग हा नियम एकट्या तुम्हालाच का?’

ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘मला वाटायचं, तो सगळ्यांनाच आहे.’ त्या रात्री त्यांनी पहिली गोळी घेतली. विज्ञानानं जे झालं नव्हतं ते या एका प्रश्नानं झालं, हे सांगताना मला थोडा अभिमान वाटतो, लपवत नाही.

पहिला आठवडा वाईट गेला. मळमळ, डोकं जड, पोट बिघडलेलं. हे होईल, असं मी आधी सांगून ठेवलं होतं म्हणून निभावलं. या औषधांचा एक चमत्कारिक अन्याय असा, की त्रास पहिल्या दिवसापासून होऊ शकतो आणि गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. नेमक्या या मधल्या दिवसांत लोक गोळी सोडतात. पंचविशीच्या आतल्या मुलामुलींच्या बाबतीत या आठवड्यांमध्ये घरच्यांनी जास्त लक्ष द्यायला हवं. काहींची बेचैनी आणि जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार सुरुवातीला वाढू शकतात. तसं दिसलं तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा.

तिसऱ्या आठवड्यात माधवराव आले ते फोन पुढे धरूनच. पुण्यातल्या मुलानं व्हॉट्सॲपवर काहीतरी पाठवलं होतं. नैराश्यात मेंदूतलं सेरोटोनिन हे रसायन कमी होतं हीच थाप आहे, आता शास्त्रज्ञच म्हणतात, वगैरे.

‘आणि नाहीतरी गोळीचा गुण येईना, मॅडम. आनंद म्हणून कशाचा होत नाही.’

दोन्ही गोष्टींना मी वेगवेगळी उत्तरं दिली.

आधी मुलाच्या मेसेजचं. नैराश्याची पहिली औषधं सेरोटोनिनचा विचार करून कुणी बनवलेलीच नाहीत. १९५२ साली न्यूयॉर्कमधल्या स्टेटन आयलंडवरच्या सी व्ह्यू इस्पितळात क्षयरोग्यांवर आयप्रोनियाझिड हे औषध वापरून बघत होते. (आमच्या मिरजेजवळच्या वानलेसवाडीलाही क्षयरोग्यांचं इस्पितळ होतं, त्यामुळे माधवराव इथे जरा सावरून बसले.) तिथले अंथरुणाला खिळलेले रुग्ण बोलायला, हसायला, जास्त जेवायला लागले. पुढे १९५७ साली अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ नेथन क्लाइन यांनी हेच औषध नैराश्यासाठी पुढे आणलं. त्याच सुमारास स्वित्झर्लंडमध्ये रोलांड कून या मनोविकारतज्ज्ञांना इमिप्रामिन या दुसऱ्या औषधाचा गुण दिसला. म्हणजे आधी माणसं बरी होताना दिसली, मग ती का बरी झाली याची कारणं शोधली गेली. तेव्हा सापडलेलं उत्तर होतं, मेंदूत काही रसायनं कमी पडतात आणि गोळी ती भरून काढते. सांगायला सोपं, म्हणून ते टिकलं. २०२२ साली ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जोआना मॉन्क्रीफ आणि सहकाऱ्यांनी जुने अभ्यास एकत्र तपासून, सेरोटोनिन कमी झाल्यानं नैराश्य येतं याला भक्कम पुरावा दिसत नाही, असं मांडलं. मुलाचा मेसेज त्यावरूनच आला होता. पण गोळी कशामुळे चालते याचं जुनं उत्तर अपुरं ठरणं ही एक गोष्ट, गोळी चालते की नाही ही दुसरी. २०१८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ५२२ चाचण्या आणि सव्वा लाखाला थोडी कमी माणसं यांचा एकत्र हिशेब आला. २१ औषधं तपासली होती, सगळीच खोट्या, म्हणजे औषध नसलेल्या गोळीपेक्षा सरस ठरली. फार मोठ्या फरकानं मात्र नाही. खोट्या गोळीनंही पुष्कळांना बरं वाटतं. पहिल्याच औषधानं आजार पूर्ण उतरणारे साधारण एक तृतीयांश असतात, बाकीच्यांना डोस किंवा औषध बदलून बघावं लागतं. गोळीला जादू समजणाऱ्यांना आणि विष समजणाऱ्यांना मी हे सारख्याच शांतपणे सांगते.

मग मी फोन बाजूला ठेवायला लावला.

‘या आठवड्यात शाखेत काय झालं?’

‘काही नाही. नेहमीचंच.’

‘तरी सांगा.’

‘मंगळवारी रोखीत पाचशे कमी आले.’

मी पेन खाली ठेवलं. हेच गृहस्थ दुसऱ्या भेटीत पन्नास रुपयांच्या फरकाबद्दल बोलले होते. तो फरक नंतर जुळलाही होता, पण त्यांनी तीन रात्री जागून काढल्या होत्या. चौकशी लागणार, नोकरी जाणार, मुलीचं शिक्षण अर्धवट राहणार, इथवर मन धावलं होतं. तेव्हाच ते म्हणाले होते, ‘माझ्या डोक्यातल्या कीर्दीत खर्चाची नोंद दोनदा पडते, मॅडम. जमेची पडतच नाही.’ नैराश्याचं इतकं नेमकं वर्णन मी पाठ्यपुस्तकात वाचलेलं नाही.

‘मग?’ मी विचारलं.

‘मग काय, परत मोजली. एका बंडलात नोट चिकटून बसली होती. सापडली.’

‘मग?’

‘मग चहाला गेलो.’

‘एकटेच?’

‘शिपाई होता. त्याच्या पोराला बारावीला चांगले मार्क पडलेत. तेच सांगत होता.’

‘आणि रात्री? पाचशे रुपये आठवले?’

माधवराव माझ्याकडे बघत राहिले. कपाळावर आठी आली, गेली.

‘नाही ओ. आत्ता तुम्ही विचारल्यावर आठवले.’

खोलीत पंख्याचा आवाज तेवढा होता. मी काही बोलले नाही. समजावून सांगण्याची हौस अशा वेळी आवरावी लागते. त्यांनी स्वतःच सुरुवात केली. म्हणजे झोप लागली होती त्या रात्री. म्हणजे शिपायाचं बोलणं ऐकू आलं होतं, नाहीतर आधी माणूस समोर बोलत असायचा आणि इकडे काहीच पोचायचं नाही. त्याचे मार्कही लक्षात राहिलेत की, ८१ टक्के.

‘जमेची नोंद पडली,’ ते म्हणाले.

‘पण मला आनंद कुठं झाला?’ हेही त्यांनीच पुढे विचारलं.

‘आनंदाचं मी विचारलंच नव्हतं, माधवराव.’

गोळीचा गुण लोक चुकीच्या जागी शोधतात, हे मला अशाच माणसांनी शिकवलं. सकाळी उठल्यावर प्रसन्न वाटेल, याची ते वाट बघतात. ते येतं, पण नंतर. आधी बदलतं ते मनाचं झुकणं. ऑक्सफर्डच्या संशोधक कॅथरिन हार्मर यांनी हे छान दाखवलंय. नैराश्यातल्या माणसाला वेगवेगळे चेहरे दाखवले तर त्यातलं हसू तो निरोगी माणसापेक्षा कमी ओळखतो आणि त्याला दुखरे शब्द जास्त आठवतात. त्यांच्या अभ्यासात औषधाच्या एका मात्रेनंतरच हा कल थोडा सरळ होऊ लागला. त्या माणसाला अजून ‘बरं’ मुळीच वाटत नव्हतं. मनःस्थिती सुधारायला आठवडे लागतात ते बहुधा याचमुळे. कल आज बदलला, तरी त्या बदललेल्या कलानं चार अनुभव घ्यावे लागतात, चार वेळा चहाला जावं लागतं.

शरीरात घडतं ते थोडक्यात असं. मज्जापेशी सेरोटोनिन बाहेर सोडते आणि एक पंप ते पुन्हा आत ओढून घेतो. ही औषधं तो पंप अडवतात, तेही काही तासांत. तरी गुण आठवड्यांनी येतो, म्हणजे खरी गोष्ट त्यापुढे घडत असणार. पेशी स्वतःची संवेदनक्षमता हळूहळू बदलतात, एकमेकींशी नव्यानं जोडल्या जायची क्षमता वाढते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत विदिता वैद्य यांची प्रयोगशाळा याच क्षेत्रात काम करते, २०२२चा इन्फोसिस पुरस्कार त्यांना मिळाला. मला सर्वांत आवडतो तो प्रयोग उंदरांवरचा, २००८ सालचा. लहानपणी एक डोळा बंद ठेवल्यानं अधू झालेल्या मोठ्या उंदरांना फ्लुओक्सेटिन दिलं. त्यांच्या मेंदूची बदलण्याची क्षमता परत आली. पण नजर सुधारली ती चांगला डोळा मिटून अधू डोळ्याला काम करायला लावल्यावर. औषध आणि काम, दोन्ही लागलं.

माझी बाजू इथे उघड आहे, मान्य करते. नुसती गोळी देऊन महिन्यानं बोलावणं मला अपुरं वाटतं. सौम्य नैराश्यात नुसत्या संवादानंही भागतं. पण मध्यम आणि तीव्र नैराश्यात गोळीशिवाय नुसतं ‘विचार बदला’ म्हणणं मला क्रूर वाटतं. ज्याला पहाटे साडेतीनला जाग येते त्याच्याशी विवेकाचं बोलणं पुढे सरकत नाही. गोळी सुरू झाल्यावर माधवरावांबरोबर मी जे काम केलं तेच आधी पंधरा दिवस करून बघत होते. शब्द तेच, पण आता ते पोचत होते.

एक विषय त्यांनी काढला नाही, मी काढला. या औषधांनी कामेच्छा मंदावू शकते. पुरुष आणि बायका, दोघांचीही. याची वाच्यता न करता कित्येक जण गोळी बंद करतात आणि कारण सांगतात ‘आता बरं वाटतंय’. डॉक्टरांना सांगितलं तर डोस कमी करता येतो, औषध बदलता येतं. माधवराव मान खाली घालून ‘सांगतो’ म्हणाले, आणि सांगितलं.

ऑगस्टपर्यंत ते जवळजवळ पूर्वीसारखे झाले होते. दिवाळीत पाकीट संपलं, दुकान बंद होतं, आणि नाहीतरी बरं होतं. गोळी सुटली. तिसऱ्या दिवशी गरगरायला लागलं, मान वळवली की डोक्यात विजेसारखे झटके, चित्रविचित्र स्वप्नं, उगाच चिडचिड. पाडव्याला वहिनींचा फोन आला. मागून माधवरावांचा आवाज, ‘विचार त्यांना. लागली ना सवय?’

नाही. अचानक औषध तोडल्यावर शरीर गडबडतं, कारण ते त्या औषधासह जगायला शिकलेलं असतं. यात तलफ नसते आणि डोस वाढवत न्यावा लागत नाही, म्हणून याला व्यसन म्हणत नाहीत. पण त्रास खरा असतो आणि काही डॉक्टर तो हसण्यावारी नेतात, ते मला पटत नाही. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात औषध थांबवणाऱ्या शंभरांतल्या ३१ जणांना काही ना काही लक्षणं दिसली. खोटी गोळी थांबवणाऱ्यांतही १७ जणांना दिसली. तीव्र त्रास तीनेक जणांना. आजार उलटला की औषध तोडल्याचा त्रास, हे कसं ओळखायचं? तोडल्याचा त्रास दोन-चार दिवसांत सुरू होतो आणि त्यात झटके, गरगर अशा नव्याच तक्रारी असतात. आजार उलटतो तो सहसा सावकाश, जुन्याच खुणांनी. माधवरावांनी डॉक्टरांच्या सांगण्यावरून गोळी पुन्हा सुरू केली, दोन दिवसांत झटके थांबले.

किती दिवस घ्यायची, याला ठरावीक उत्तर नाही. नैराश्य पहिल्यांदाच आलं असेल तर पूर्ण बरं वाटू लागल्यावर निदान सहा ते नऊ महिने. आजार पुन्हा पुन्हा येत असेल तर दोन वर्षं किंवा जास्त. ब्रिटनमधल्या २०२१च्या एका अभ्यासात दीर्घकाळ गोळी घेणारी, बरी असलेली माणसं होती. गोळी हळूहळू थांबवलेल्यांपैकी ५६ टक्क्यांचा आजार वर्षभरात परतला, चालू ठेवलेल्यांपैकी ३९ टक्क्यांचा. मी हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचायला सांगते. थांबवण्यात धोका आहे. आणि थांबवूनही शंभरांतले ४४ जण ठीक राहिले.

कमी करताना डोस आणि परिणाम सारख्या प्रमाणात उतरत नाहीत. थोड्या औषधानंही बहुतेक पंप अडलेले असतात, त्यामुळे डोस निम्मा केला तरी फारसं जाणवत नाही. खरी घसरण होते ती शेवटच्या छोट्या तुकड्यात. म्हणून शेवटच्या पायऱ्या सर्वांत लहान आणि सर्वांत सावकाश. वेळापत्रक डॉक्टरच ठरवणार. रात्री-अपरात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, मराठीतही बोलतात, पैसे लागत नाहीत.

जानेवारीत मी विचारलं, कधीपासून कमी करूया म्हणताहेत डॉक्टर? माधवराव म्हणाले, ‘फेब्रुवारी म्हणत होते. मीच म्हटलं, मार्चअखेर होऊ दे.’ आर्थिक वर्ष संपताना रोखपालाची काय अवस्था असते, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत? एप्रिलमध्ये सुरुवात झाली. सध्या ते पाव गोळीवर आहेत.

आम्ही तिघांनी बसून एक यादी केली आहे. पहाटे साडेतीनला जाग. नोटा तिसऱ्यांदा मोजणं. ताट अर्धं ठेवणं. फोन न उचलणं. यातल्या दोन गोष्टी आठवडाभर दिसल्या तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांकडे जायचं. यादी फ्रिजच्या दारावर लावली आहे, ती वहिनींच्या अक्षरात आहे आणि फोन करायचं कामही त्यांच्याकडेच दिलंय. ‘मला कळेपर्यंत पंधरा दिवस गेलेले असतात,’ माधवराव म्हणाले. ‘हिला दुसऱ्या दिवशी कळतं.’